ज्याला कुणी माज म्हणत नाही

"तू बंद म्हनलीस म्हंजे बंद." भागवतमामा माझ्याशी शेवटचं बोलले ते हेच. वीसेक मिनिटांनी त्यांच्या जोडीदाराचा फोन आला. तो नुसता ओरडत होता, "ताई, मामा तारेला चिकटलं... मामा चिकटलं!" सोलापूरच्या हद्दीवरच्या वीज उपकेंद्रात मी ऑपरेटर आहे आणि मामा आमचे लाईनमन. खांबावर चढण्याआधी त्यांनी फोन करायचा, मी ब्रेकर पाडून त्या लाईनची वीज तोडायची आणि परवानगी द्यायची, अशी रीत. त्या दुपारी ब्रेकर पडलेलाच होता. 'माणसे कामावर आहेत' ही पाटी मीच अडकवली होती. फोन कानाला तसाच धरून मी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचत राहिले... दीड महिना झाला, अजूनही वाचते.

मामा मोडनिंबकडचे, बेताचं शिकलेले. पण माणूस कुठल्या जातीचा चढेल आहे हे ते डबा संपायच्या आत ओळखायचे. खांबावरून सेल्फी काढणारा नवा मुलगा आला की "ह्यो तोरा." ग्राहकावर डाफरणाऱ्याची गुर्मी. खुर्ची पुसून घेतल्याशिवाय न बसणाऱ्या साहेबांची मिजास. आणि आकडा टाकून वर दमदाटी करणाऱ्याचा तो माज. एकदा मला म्हणाले, "तोरा उन्हात वाळतो बघ. गुर्मी, मिजास बदली झाली की उतरती. माज उतरवायला सगळं गाव बसलंय. पन फाजील भरवसा लई वंगाळ. त्याला कुनी माज म्हनतच न्हाय की! उलट हुशार मानूस म्हनत्यात." मी हसून म्हणाले, "मामा, आता एक शब्दकोशच काढा." ते हसले नाहीत.

मी नोकरीला नवी होते तेव्हा ते फोनवर तीनतीनदा विचारायचे, बंद का, बंद का, नक्की बंद का. शिवाय वर जाऊन तारांना जमिनीशी जोडणारी साखळी बांधायचे, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाईल. मला राग यायचा. बाई आहे म्हणून विचारतात, असं वाटायचं. एकदा तोंडावरच विचारलं, "माझ्यावर भरवसा नाही का?" तर म्हणाले, "तुज्यावर हाय की. माज्यावर न्हाय." पुढं वर्षं गेली. तीनदाचं दोनदा झालं, दोनदाचं एकदा. मग ते चारचौघांत सांगू लागले की सुजातानं सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घरी भाकरी थापताना मी हे नवऱ्याला किती वेळा ऐकवलं असेल! मूठभर मांस चढायचं अंगावर. साखळी हल्ली बांधता का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तेवढं एक विचारायला हवं होतं.

लग्नसराईचे दिवस होते. लाईन बंद होताच एका मंगल कार्यालयानं जनरेटर सुरू केला. तो चुकीचा जोडलेला होता, त्याची वीज उलटी आमच्या लाईनवर चढली. मामांची साखळी खाली मोटरसायकलला बांधलेल्या पिशवीत होती. चौकशी झाली, ऑपरेटरचा दोष नाही असं कागदावर आलं. तो कागद मी कपाटात ठेवलाय आणि कपाट उघडायला घाबरते. कारण कागदात नाही ते मला ठाऊक आहे. त्यांनी साखळी बांधायची सोडली ती माझ्या शब्दावर. तोरा, गुर्मी, मिजास, माज एकेकट्या माणसाचे असतात, हा फाजील भरवसा मात्र आम्ही दोघांनी मिळून वाढवला, मायेनं वाढवला. मामा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मामी माझा हात धरून म्हणाल्या, "तुजं लई कवतिक करायचे गं. ती हाय म्हनून मला घोर न्हाय, म्हनायचे." माझी मान वर होईना. तिथून उठले ते चपला न घालताच रस्त्यावर आले.

आता मामांच्या जागी चिंचोळीकडचा एक मुलगा आलाय. हुशार आहे, पायात विजेचा वेग आहे, आणि त्याचीच मला धास्ती वाटते. मी नवीन नियम केलाय. साखळी बांधल्याचा फोटो माझ्या मोबाईलवर आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. अंधुक आला तर दुसरा. परवा तर तीनदा काढायला लावला. तो चिडून म्हणाला, "मॅडम, तुमी सोता बंद केलंय न्हवं? मग?" मी म्हटलं, "केलंय. तरी बांध." मागून कुणीतरी बोललेलं फोनवर स्पष्ट ऐकू आलं, "मामा गेल्यापासून बाईला लई माज आलाय."

म्हणू देत. तो खाली उतरल्याचा फोन येईपर्यंत मी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून बसलेली असते, हे त्यांना तिकडून दिसत नाही.