पोळीवाल्या काकूंचा रविवार

काकूंचं वाक्य दुसऱ्या कुणी पूर्ण केलं, की त्या ते पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करत. बोलताना त्या अडखळत. गंगापूर रोडवर आमच्या वाचनालयाच्या मागच्या गल्लीत त्यांचं पोळीभाजी केंद्र होतं, आणि पुस्तक बदलायला त्या नेमक्या गर्दीच्या वेळी येत.

"ताई, मला प... प..."

"पाककृतींचं?" मी रांगेकडे बघत म्हणे.

काकू हात वर करत, श्वास घेत आणि "ताई"पासून पुन्हा सुरुवात करत. त्यांना हवं असे प्रवासवर्णन. मागचे लोक माझ्याकडे असे बघत, जणू मीच अडखळतेय.

एकदा त्यांनी रविवार सकाळसाठी मागची खोली मागितली. अडखळत बोलणाऱ्यांना एकत्र बसायचं होतं. मी उत्साहानं एका स्पीच थेरपिस्टचा नंबर शोधायला लागले.

"ज्याला जायचं त्यानं जावं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण मला लपायचा कंटाळा आलाय. माझं बोलणं असंच आहे आणि मला ते आवडतं. ऐकणाऱ्याला त्रास होतो, तो त्याचा प्रश्न."

तो ऐकणारा बहुतेक वेळा मीच असे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

खोलीच्या दारावर त्यांनी मला न विचारता पाटी लावली : 'येथे अडखळत बोलतात. घाई असलेल्यांनी बाहेर बसावे.' मी दोनदा काढली. दोन्ही वेळा ती परत लागली, दुसऱ्यांदा तर मोठ्या अक्षरांत.

हरसूलचा देवराम पहिल्यांदा वडिलांबरोबर आला. तो इथे मार्केट यार्डात कामाला होता. "ह्याला बोलता येत नाय, काय ते मला इचारा," वडील म्हणाले. काकूंनी त्यांच्या हातात चहा दिला आणि त्यांना पाटी दाखवून बाहेर बसवलं. आत देवरामनं स्वतःचं नाव सांगेपर्यंत बाहेर बापाचा चहा संपला. पण नाव सांगून झाल्यावर अशा टाळ्या वाजल्या, की वाचनकक्षातून माझ्याकडे तक्रार आली. त्यांच्या टाळ्यांबद्दल शिव्या खायचं काम माझं.

वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन आपला गट करणार, असं काकूंनी परस्पर ठरवलं. अध्यक्ष वैतागले. मीही विनवलं, "या वर्षी नको ना, काकू."

"मग कोणत्या वर्षी?"

मी कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या गटाचं नाव लिहिलं. प्रत्येकानं एकेक वाक्य बोलायचं ठरलं. देवराम 'पाहुण्यांचे' या शब्दावर अडला, तेव्हा अध्यक्षांनी माइक ओढून तो शब्द म्हणून टाकला. देवराम दाराकडे बघायला लागला. आता हा पळणार, असं मला वाटलं. काकू शेजारून हळूच म्हणाल्या, "पहिल्यापासून."

त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. लोकांनी आधी घड्याळं पाहिली, मग पाहणं सोडून दिलं. वाक्य पूर्ण झालं. नंतर अध्यक्षांची बोलणी मी खाल्ली, आणि पुढच्या रविवारी नव्या माणसांना खुर्च्या पुरेनात. त्याही मलाच आणाव्या लागल्या.

गेल्या हिवाळ्यात काकूंचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. रिक्षात बसताना गोड काही बोलतील, असं मला वाटलं होतं. "खोली बंद करू नका," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यातही रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

आता रविवार देवराम चालवतो आणि काकूंपेक्षा जास्त वेळ घेतो. परवा तो वडिलांना घेऊन खोलीच्या वेळेबद्दल बोलायला आला. बोलता बोलता थांबला. झालं असेल म्हणून मी पुढच्या वाचकाकडे वळले.

वडिलांनी टेबलावर हळूच हात ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "त्याचं चालू हाय अजून."