भावाने आणलेल्या चादरी

बाबा गेल्यावर इंदूरजवळच्या आमच्या शहरात, टावर चौकातल्या दुकानाच्या गादीवर मी बसले. धाकटा भाऊ तेव्हा शिकत होता. आमच्याकडे भैरवगढ़ी छापाच्या, म्हणजे लाकडी ठशांनी हाताने छापलेल्या चादरी, साड्या आणि ओढण्या मिळतात. त्या छापणारे चाचा बाबांच्या तरुणपणापासून आमचे. बाबा शेवटचे आजारी होते तेव्हा चाचा रोज दवाखान्यात यायचे, खाटेशेजारी स्टुलावर बसून राहायचे.

पुढे भाऊ दुकानात आला. हुशार, बोलका. शहरातल्या मोठ्या मंदिराकडे नवी हॉटेलं उभी राहिली, तशी त्याने एका हॉटेलची मोठी ऑर्डर आणली. खोल्याखोल्यांतून भैरवगढ़ी चादरी. घरात आईने त्या दिवशी श्रीखंड केलं.

पंधरा-वीस दिवसांनी दुकानाच्या मागच्या खोलीत गठ्ठे दिसले. एक चादर उलगडली. प्रत्येक फूल शेजारच्या फुलासारखंच. हाताने लाकडी ठसा मारला की कुठेतरी एखादी पाकळी सरकते. इथे काहीच सरकलं नव्हतं.

"हे मशीनवरचं आहे," मी म्हटलं.

"हो. चाचांना सांगितलं असतं तर दिवाळी आली असती. हॉटेलवाल्यांना घाई आहे."

"आणि यावर आपली हातछपाईची चिठ्ठी लावणार?"

"ताई, पब्लिकला काय कळतं? सगळा बाजार हेच करतोय."

मी त्याच दुपारी हॉटेलच्या मॅनेजरला फोन करून खरं ते सांगितलं. चाचांचा माल हवा तर थांबावं लागेल, म्हटलं. त्याने ऑर्डरच रद्द केली. गठ्ठे परत गेले.

भाऊ संध्याकाळी आला तो शांत होता. "तो मॅनेजर माझा दोस्त आहे," तो म्हणाला. "मी त्याला जुबान दिली होती. फोन करायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंस. तुला चाचांचं नातं दिसतं, बाबांचं दिसतं. मी कुणाचा कोण?"

मी दुकान बढवलं, कुलूप लावलं आणि आम्ही दोघं एकाच रस्त्याने, पुढे-मागे चालत घरी गेलो.

महिन्याभरात त्याने इंदूरला नोकरी धरली. आई त्याच्यासोबत गेली. "त्याच्या खाण्याचे हाल होतील," एवढंच म्हणाली. मला तिने दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

चाचांना कुणीतरी सांगितलंच. ते दुकानात आले, पाणी प्यायले, मग म्हणाले, "बिटिया, हमारी खातिर भाई को नाराज़ कर दिया?"

"आपकी खातिर नहीं, चाचा. झूठा माल कैसे बेचती?"

"वो तो ठीक किया." छपाईच्या रंगाने निळ्या पडलेल्या बोटांनी त्यांनी पेला बाजूला सारला. "पर लड़के को पास बिठाकर कहना था. और मेरा काम कितने दिन का? मेरे बेटे तो ये करते नहीं."

बाजारात मात्र माझं नाव झालं. व्यापाऱ्यांच्या एका कार्यक्रमात मला 'पैशापेक्षा नाती मोठी' यावर बोलायला बोलावलं. मी तब्येतीचं कारण सांगितलं. काय बोलणार होते? त्या दिवशी मी एक नातं राखलं होतं की बाबांची गादी, हे मला अजून नीट कळलेलं नाही. ते गठ्ठे आज आले तरी मी परतच पाठवीन. पण आधी भावाला समोर बसवीन.

यंदा भाऊबीजेला तो आईला घेऊन आला. मी ओवाळलं. जेवताना त्याने आमटी दोनदा वाढून घेतली, इंदूरच्या ट्रॅफिकबद्दल बोलला. दुकानाचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही. निघताना आई म्हणाली, "दुकानावरून जाऊ या का?"

"उशीर होईल," म्हणत त्याने गाडी दुसऱ्या रस्त्याला वळवली.