बोअरच्या पाण्याने धुतलेली पट्टी

तीन वाजेपर्यंत माझ्या पट्टीतून वीज वाहिली नाही, तर मला माती परीक्षणाच्या गटात चौथी म्हणून घालायचं सरांनी ठरवलं होतं. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मी वर्गात स्वतःहून एकदाच हात वर केला होता, तो हा प्रकल्प मागायला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. उत्तर मनात इंग्रजीत तयार होतं आणि मराठीत तोंडापर्यंत येईतो तास संपलेला असतो.

विषय मात्र जादूचा होता. प्लास्टिकच्या जातीचा एक पदार्थ. एरवी वीज अडवणारा. त्याला ॲसिड पाजलं की वीज वाहू देतो. पुस्तकात याला डोपिंग म्हणतात. मी तो पदार्थ सुती कापडाच्या पट्टीवर चढवला होता. आदल्या दिवशी पट्टी कैरीसारखी हिरवीगार होती. आज ती निळसर दिसत होती आणि बॅटरी जोडली तरी छोटा लाल दिवा ढिम्म.

जाफराबादहून रोज जीपने येणारी माझी मैत्रीण शेजारच्या टेबलावर होती. तिने पट्टी उचलून पाहिली.

"धुतली कशानं गं ही?"

"पाण्याने. नीट. बारा वेळा."

"कोणत्या पाण्यानं?"

डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं. मागायला लाज वाटली म्हणून मी कोपऱ्यातल्या ड्रममधलं घेतलं होतं. मी ड्रमकडे बोट दाखवलं.

"बोअरचं?" ती ओरडलीच. "अगं बाई, त्या पाण्यात आमच्याकडं डाळ बी शिजत न्हाई! खाराट पाणी ते. तुझं सगळं ॲसिड खाऊन टाकलं त्यानं!"

खाराट, म्हणजे क्षारांचं, अल्कलाइन, ॲसिड मारणारं. परीक्षेत यावर मी दोन पानं लिहिली होती. आणि मग मला हसू यायला लागलं, थांबेचना.

पट्टी पातळ ॲसिडमध्ये सोडली. डोळ्यांदेखत निळ्याची हिरवी झाली. मी दिवा जोडायला धावले, तर मागून सरांचा आवाज: "ओल्या पट्टीत ॲसिडच वीज नेईल. वाळवून दाखव."

अडीच वाजले होते. आम्ही पट्टी टिपकागदात दाबली, पंख्याखाली धरली. पंखा हळू, म्हणून मैत्रीण जर्नलने वारा घालायला लागली.

"नवरदेवाला बी एवढा वारा घालणार न्हाई मी," ती म्हणाली.

"हलवू नकोस, उडेल!"

"उडू दे. मंग पळ मागं."

तीनला पाच कमी असताना पट्टी कडक झाली. मी तारांचे चिमटे लावले. दिवा लागला. मिणमिणता, पण लागला.

"सर! लागला! सर, लागला!"

अख्खी प्रयोगशाळा वळली. एवढा आवाज माझ्या गळ्यात होता हे मलाच माहीत नव्हतं. सरांनी पट्टीला बोट लावलं, बोट अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"कोरडी आहे," ते म्हणाले. मग माती परीक्षणवाल्यांकडे वळले. "तुम्ही तिघंच करा रे."

मी चिमटा काढला, लावला. पुन्हा काढला, पुन्हा लावला.

"बास की, बॅटरी उतरंल," मैत्रीण म्हणाली.

"उतरू दे," मी म्हणाले, आणि पुन्हा लावला.