गाडीत सुटं काही नको

रियाज मागच्या महिन्यात गेला. दफनाच्या दिवशी कब्रस्तानाबाहेर दोन गृहस्थ बोलत उभे होते. एकाने विचारलं, "कोण हो हा रियाज?" दुसरा म्हणाला, "तो नाही का, ज्याने ब्रेक नीट बघितले नाहीत आणि जयसिंग गेला." चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, त्याचं हे फळ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण अशा जागी भांडू नये एवढं मला कळतं. म्हणून घरी येऊन लिहायला बसले.

बिबवेवाडीत रियाजचं गॅरेज होतं, वडील दादामियाँनी सुरू केलेलं. मी सदाशिव पेठेतली, बँकेत कारकून, आणि माझी जुनी फियाट त्याच्याकडेच जायची. जुन्या गाड्यांचं वेड लागलेले आम्ही पंधरा-वीस जण वर्षातून एकदा हडपसरला जयसिंगच्या मोकळ्या शेतात जमायचो. जयसिंग आणि रियाज शाळेपासूनचे दोस्त. जयसिंगच्या आई तुळजाबाई दोघांना एका ताटात वाढायच्या आणि दोघांच्या पाठीत धपाटाही एकाच हाताने घालायच्या.

शेतात आमच्या शर्यती चालत. रंगाचे रिकामे डबे मांडून त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढायची आणि शेवटी भरधाव येऊन फक्कीने आखलेल्या चौकोनात थांबायचं. त्याआधी प्रत्येक गाडी रियाज तपासायचा. टायर, ब्रेक, बॅटरीची पट्टी. मग गुडघे टेकून सीटखाली हात घालायचा आणि निघेल ते टोपलीत टाकायचा. चपला, पाण्याच्या बाटल्या, एकदा तर कुकरचं झाकण. "संसार घरी ठेवून येत जा," असं मालकाला सुनवायचा. गाडीत माणसाशिवाय सुटं काही नको, हे दादामियाँनी त्याच्या डोक्यात हाणून बसवलेलं. यादी माझ्याकडे असे. रियाज मान हलवायचा, मी खूण करायची.

त्र्याण्णव सालची गोष्ट. जयसिंगची गाडी आली. रियाजने ब्रेक स्वतः दाबून पाहिले, उत्तम होते. मग सीटखाली हात घातला आणि लाल फडक्यात बांधलेला एक नारळ बाहेर काढला. फडक्याला हळदकुंकू लागलं होतं. पोरगं फार वेगात चालवतं म्हणून तुळजाबाईंनी गावदेवीपुढचा नारळ सकाळी गाडीत ठेवला होता. रियाज नारळ हातात धरून तसाच बसला. टोपलीत चपला होत्या. देवीचा नारळ त्यात टाकायचा कसा, आणि तोही त्याने? उद्या कोणी काही बोललं तर? त्याने माझ्याकडे पाहिलं.

माझा हात चालला असता. नारळ उचलून माझ्या पिशवीत ठेवला असता तर कोणी हूं की चूं केलं नसतं. पण ऊन चढत होतं, मागे अकरा गाड्या होत्या, आणि मी म्हटलं, "राहू दे रे, देवाचं आहे." रियाजने नारळ परत ठेवला, फडकं नीट खोचलं. मी खूण केली.

डब्यांमधून जयसिंगने गाडी झकास काढली. शेवटच्या वळणावर मात्र ती कलली आणि मग चौकोनापाशी थांबलीच नाही. पुढे चिंचेखाली पन्नासेक माणसं बसली होती. बघणाऱ्यांना सावली हवी म्हणून शर्यत चिंचेसमोर संपवायची, ही अक्कल आम्हा सगळ्यांची. जयसिंगने चाक फिरवलं, माणसं टाळली आणि गाडी विहिरीच्या कठड्यावर गेली. गाडीला सीटचे पट्टे नव्हते. जुन्या गाडीची शोभा जाते म्हणून आम्ही कोणीच बसवले नव्हते.

सर्वांत आधी रियाज पोहोचला, त्याच्यामागे मी. जयसिंगमध्ये काही उरलं नव्हतं. ब्रेकच्या पेडलखाली नारळ घट्ट अडकला होता. रियाजने तो ओढून काढला आणि सदऱ्याच्या आत घातला. तोवर तुळजाबाई अनवाणी धावत येत होत्या. "ताई," तो मला म्हणाला, "मावशीला हे कळता कामा नये. ती जगायची नाही. कसम घ्या." मी घेतली.

पोलिसांच्या कागदावर ताबा सुटल्याची नोंद झाली. लोकांचं तेवढ्याने भागत नाही, त्यांना नाव लागतं. रियाजने स्वतःचं दिलं. "ब्रेक बघायचे माझ्याकडून राहिले," असं तो तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला. जयसिंगचा धाकटा भाऊ संभाजी त्याच्या अंगावर धावून गेला. त्यानंतर रियाजकडे स्कूटरवालेसुद्धा येईनात. ज्याने दोस्ताचे ब्रेक बघितले नाहीत, तो आपले काय बघणार? मी कडेला बसून ऐकत राहिले.

सोळा वर्षांनी तुळजाबाईंचं आजारपण शेवटाला आलं आणि त्यांनी रियाजला बोलावणं धाडलं. मीच त्याला घेऊन गेले. उंबऱ्यात संभाजीने तोंड फिरवलं. म्हातारीने रियाजचा हात धरला. "लई शिव्याशाप दिलं रं तुला. चूक मानसाच्याच हातनं हुती. माझ्या मनात आता काय बी न्हाई. सुखानं ऱ्हा." रियाज तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. ते मी गिळलं.

परतताना मला राहवलं नाही. म्हटलं, "जी चूक तू केलीच नाहीस, तिची माफी घेऊन आलास."

 तो म्हणाला, "केली ना, ताई. ठेवणारीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

माहीत मलाही होतं. राहू दे, असं मीच म्हटलं होतं. पण सोळा वर्षांत त्याने माझं नाव एकदाही काढलं नाही, त्या दिवशी गाडीतही नाही, आणि तो जिवंत असेपर्यंत मीही ते कुणाला सांगितलं नाही.