फ्रिजात ठेवलेली किल्ली

आमच्या कोरेगावात नवी मुंबई म्हणजे मार्केट, एवढीच ओळख. दर दोन घरांमागे कुणीतरी तिथे माथाडी (बाजारात माल चढवणारा-उतरवणारा कामगार) म्हणून गेलेलं असतं. माझ्या आत्याचे यजमानही त्यातलेच, आणि त्यांच्या कोपरखैरण्याच्या छोट्या घरात राहून मी मीडियाचं शिक्षण घेते आहे. म्हणजे नेमकं काय, असं गावाकडे प्रत्येक जण विचारतो. कॅमेरा चालवायला, आवाज भरायला आणि दोन्ही जोडायला शिकते, असं सांगितलं की समोरचा म्हणतो, मग आमच्या लग्नाच्या शूटिंगला ये. तर त्या सगळ्यांसाठी माझा हा उरणजवळच्या जासई गावचा प्रवास. त्यात योगायोगाने लग्नही आहे.

मे महिन्यातली सकाळ होती. आत्या संध्याकाळी भजनाला जाणार होती, म्हणून तिने घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि हरवलीस तर जिन्यात बसावं लागेल, असं बजावलं. सानपाड्याला माझा वर्गमित्र सुमेध येऊन मिळाला. कॅमेरा तो सांभाळणार, आवाज मी. आमची उरणकडे जाणारी बस आली तेव्हा तिच्यात उभं राहायलाही जागा नव्हती, आणि सुमेधच्या खांद्यावर कॅमेऱ्याच्या तिकाटण्याची (ट्रायपॉडची) लांबलचक पिशवी. ती एका काकांच्या टोपीला लागली. मी माफी मागितली, तर काकांनी शांतपणे विचारलं, त्यात गळ आहे का. नाही म्हटल्यावर त्यांना आमच्यात काही रस उरला नाही.

बेलापूर मागे पडलं की शहराचा चेहराच बदलतो. इमारती विरळ होतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनर दिसू लागतात, लाल, निळे, गंजलेले, चार-चार मजले रचलेले. अधूनमधून खाडीचं पाणी चमकतं. ट्रेलरची रांग मात्र संपत नाही. मला त्या रांगेची धास्ती वाटत होती. कॅमेऱ्याला ती छान दिसते, पण माइकला तिचे हॉर्न अजिबात सोसत नाहीत.

आम्ही जात होतो ते एका धवलारणीकडे (आगरी लग्नात विधीची गाणी, म्हणजे धवले, गाणारी बाई). सुमेधच्या ओळखीतून पत्ता मिळाला होता. आजी सत्तरीच्या, लहानखुऱ्या, आणि घाईत. त्याच दुपारी त्या आपल्या यजमानांसह, म्हणजे बाबांसह, दुसऱ्या गावी पुतणीच्या हळदीला निघणार होत्या, आणि परतणार होत्या लग्न उरकून, दोन दिवसांनी. त्या निघायच्या आत आम्हाला काय ते उरकायचं होतं.

पण आधी जेवण. तांदळाची पांढरी भाकरी, निवट्यांचं (चिखलात राहणारे लहान मासे) कालवण आणि कांदा. आम्ही साताऱ्याकडची माणसं मटणाला वाघ, पण माशाच्या काट्यापुढे शेळी. मी घास इतका जपून चावत होते की बाबांना दया आली आणि त्यांनी मला भाकरीत गूळ घालून दिला. आत्यासाठी म्हणून आजींनी चिंबोऱ्यांच्या (खेकड्यांच्या) रश्शाचा डबा भरला आणि जाताना घेऊन जा म्हणत फ्रिजात ठेवला.

आता कामाची गोष्ट. डोळ्यांना न दिसणारा सगळा कचरा माइकला ऐकू येतो. त्यातला सगळ्यात मोठा कचरा म्हणजे फ्रिजची घरघर. म्हणून कुणाच्या घरी आवाज भरायचा तर पंखा बंद, फ्रिज बंद. पंख्याची आठवण घाम करून देतो. फ्रिजचं तसं नाही, तो बंद राहिला तर राहतो. आमच्या मॅडमचा त्यावर एक नियम आहे: फ्रिजचं बटण बंद केलं की आपल्या घराची किल्ली त्याच फ्रिजात ठेवायची. किल्लीशिवाय कुणी घरी जात नाही, आणि किल्ली काढताना बटण आठवतंच. आवाजाचं काम करणारे बरेच जण असं करतात म्हणे.

मी आत्याची किल्ली ठेवायला फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात इन्शुलिनच्या बाटल्या होत्या.

"बाबांचं औषध हाय," आजी म्हणाल्या. "यातली एकच बाटली संगती न्यायची. बाकीच्यांना हात लावू नको, मोठ्या मिनतवारीनं आनल्यात."

मी किल्ली बटरशेजारी ठेवली, दार लावलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. घर एकदम शांत झालं. आजींनी समई लावली, समोर नारळ आणि तांदूळ मांडले. दिव्याशिवाय धवला गायचा नाही, मग ऐकणारं यंत्र असो नाहीतर नवरदेव, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. पहिल्या खेपेला बाहेर ट्रेलर मागे घेत कुणीतरी पिप-पिप लावलं. दुसऱ्या खेपेला शेजारी कुकर शिट्ट्या देऊ लागला. तिसऱ्या खेपेला मात्र काहीच आडवं आलं नाही. आजींचा आवाज बारीक आणि सरळ, कुठे हेलकावा नाही की दम लागणं नाही. हेडफोनमध्ये तो इतका जवळ वाटला की माझ्या अंगावर काटा आला, आणि ते लपवायला मी उगाच रेकॉर्डरवरच्या आकड्यांकडे बघत बसले.

गाणं संपल्यावर आमचा एक विधी असतो. त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर भरून घ्यायची, म्हणजे पुढे दोन तुकडे जोडताना मधली फट कळत नाही. मी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसायला सांगितलं. आजी, बाबा, सुमेध, कुणी हलेना. बाबांनी तर डोळेच मिटले. मिनिट संपलं तशा आजी हसत सुटल्या आणि म्हणाल्या, कोनी मेल्यावर बसतात तसं बसवलंस की आमाला. आम्ही सगळेच हसलो. तेवढ्यात दारात त्यांना न्यायला टेम्पो आला.

मग जी धावपळ झाली ती झाली. सुमेध आणि मी अंगणातला शेवटचा शॉट घ्यायला बाहेर पळालो. माझी पिशवी आत राहिली होती, ती आजींनीच आणून दिली, डब्यासकट. घराला कुलूप लागलं. टेम्पोने आम्हाला थांब्यावर सोडलं आणि तो निघून गेला. बसमध्ये बसायला जागा मिळाली, गाणं पदरात पडलं होतं, आणि मी सानपाड्यापर्यंत अगदी सुखात आले.

तिथे मला कोपरखैरण्याची बस धरायची होती. सुट्टे पैसे काढायला पिशवीत हात घातला तर डब्याच्या झाकणावर काहीतरी गार लागलं. आत्याची किल्ली.

क्षणभर बरं वाटलं, की हरवली नाही. मग लक्षात आलं: किल्ली मी काढलेली नव्हती. सुमेधनेही नव्हती. डबा काढताना आजींना ती दिसली असणार, आणि या वेंधळ्या पोरांचं सामान म्हणून त्यांनी ती पिशवीत टाकली असणार. म्हणजे ज्या किल्लीने बटणाची आठवण करून द्यायची, ती परस्पर माझ्या पिशवीत आली. बटण बंदच. घराला कुलूप, मे महिना, दोन दिवस, आणि आत बाबांचं औषध.

सुमेधने आजींना फोन लावला. वाजत राहिला. हळदीच्या मांडवात डीजेपुढे कुणाला फोन ऐकू येणार होता? बाबांकडे फोन नव्हता. परत जासईला जावं तर कुलूप. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा रागही येत होता. ज्यांनी मला गूळ-भाकरी दिली त्यांच्या औषधाची मी नासाडी करून आले होते, तीही गाणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून.

"टेन्शन घेऊ नको, थांब, शेजाऱ्यांचा नंबर असेल," म्हणत सुमेध माझ्या पिशवीतून पत्त्याचा कागद शोधू लागला. कागदाऐवजी त्याच्या हाताला रेकॉर्डर लागला. तो गरम होता आणि त्याचा लाल दिवा चालू होता.

"हे बंद नाही केलंस तू?"

नव्हतं केलं. आजींच्या हसण्यात मी विसरले होते आणि तो तसाच पिशवीत टाकला होता. एवढा वेळ यंत्र पिशवीत पडून सगळं भरत बसलं होतं. एकाच दिवशी दोन गाढवपणे, असं मी स्वतःला म्हणत होते आणि मधेच थांबले. एवढा वेळ म्हणजे आजी डबा काढत होत्या तेव्हासुद्धा.

मी बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं, हेडफोन लावला आणि दुसरा कान हाताने दाबून धरला. आमचं हसणं आलं. टेम्पोचा हॉर्न आला. सुमेधची आणि माझी पावलं बाहेर गेली. मग पिशवीची खसखस, आणि आजींचा आवाज, जरा दबलेला:

"किल्ली बघा. फ्रिजात कोन ठेवतं किल्ली?"

बाबा काहीतरी पुटपुटले. झाकणावर किल्ली टेकल्याचा आवाज. मी आवाज वाढवला. आणि मग परत आजी:

"आनि यात दिवा का नाय? बंद करून ठेवलाय बघा यांनी."

टक्. एक गचका, आणि पाठोपाठ ती घरघर.

मी तो तुकडा तीनदा ऐकला आणि मग हेडफोन सुमेधच्या डोक्यावर चढवला. तो ऐकत असताना त्याचा चेहरा सैल होत गेला आणि आम्ही दोघं थांब्यावर वेड्यासारखे हसलो. जो आवाज मी आजींच्या घरातून हाकलून लावला, तो आता मला कुठल्याही गाण्यापेक्षा गोड लागत होता.

आत्या भजनाहून आली तेव्हा मी भात लावून बसले होते. चिंबोऱ्या फोडायला सुमेधने फोनवरून शिकवलं. उरलेला रस्सा ठेवायला आत्याचा फ्रिज उघडला आणि दिवा लागला, तेव्हा परत एकदा हायसं वाटलं.

फिल्म पुरी झाली. धवला संपल्यावर मी काळ्या पडद्यावर पिशवीत भरलेली ती घरघर थोडी ठेवली. मॅडमनी भुवया उंचावल्या आणि हा आवाज राहून गेलाय का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही मॅडम, ठेवलाय. मग आम्ही ती फिल्म लॅपटॉपवर घेऊन जासईला गेलो. आजींनी स्वतःचं गाणं मान खाली घालून, लाजत ऐकलं. पडदा काळा झाला, घरघर सुरू झाली, तशी त्यांनी मान वर केली आणि बाबांना कोपराने ढोसलं.

"अवो, आपला फ्रिज."