मैदानासमोरचं घर

लेकीनं फोनवर घराचे फोटो पाठवले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "इतकं चांगलं हाय तर इकतेत कावून?"

तिला हसू आलं. मला नाही आलं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण डोकं माजलगावच्या मोंढ्यातलं, धान्यबाजारातलं आहे. पोत्याच्या वरचं धान्य बघून माल घ्यायचा नसतो, तळाशी हात घालून मूठ काढायची असते. फोटोंत सगळं वरचंच धान्य होतं. महायुद्धाच्या आधी बांधलेली इमारत, गोल गॅलरी, सागवानी दारं, पितळी कड्या, जुनी रंगीत फरशी. दादरला, मैदानाच्या अगदी समोर.

ते मैदान मला नवं नव्हतं. दरवर्षी सहा डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीवर जातो, तेव्हा मुक्काम त्याच मैदानात असतो. समोरच्या इमारती मात्र कधी नीट बघितल्या नव्हत्या. त्या दिवसांत त्यांची गेटं बंद असतात, आणि बंद गेटाकडे किती वेळ बघणार?

लेक मुंबईत बँकेत अधिकारी आहे. भाड्याची दोन घरं तिला आडनाव सांगितल्यावर मिळाली नव्हती. "आत्ताच दुसऱ्यांना दिलं हो," असं अगदी गोड सांगितलं होतं. म्हणून ती आता स्वतःचंच घर घ्यायचं म्हणत होती, आणि त्यात मला आनंदच होता. पण निघायच्या आधी तिनं फोनवर बजावलं, "मम्मी, तिथं तुमी दोघं काय बोलू नका. बोलायचं ते मी बोलते."

कावून? हे मी विचारलं नाही. मनात मात्र तेच घोळत राहिलं. आम्ही काय बोलू म्हणून ती घाबरली होती? आमच्या तोंडून 'लई' न् 'हाय' निघेल म्हणून, की आम्ही कोण ते निघेल म्हणून? आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मुळात कमी बोलणारे. ते म्हणाले, "न्हाई बोलणार. पोरीला घर मिळू दे."

घर दाखवायला एजंट होता. पोरगेलासा, नको तेवढा नम्र. लिफ्टचं जाळीचं दार त्यानं असं धरलं की मला वाटलं, आता हा पाया पडतो. अशा माणसाच्या हातचं ताकसुद्धा मी फुंकून पिते. मालकीणबाई वयस्कर होत्या, मुलाकडे परदेशी निघालेल्या. त्यांनी चहा केला. कप चांगले होते, तरी मी कपाट डोळ्यांनी चाचपलं. पाहुण्यांचे वेगळे आहेत का, हे बघायची मला खोड आहे. एका खोलीला ताजा रंग होता, बाकीच्या जुन्याच. ओल झाकली असणार. मी भिंतीला हात लावून बघितला, नळ सोडून बघितला, खिडकीची कडी दोनदा लावून काढली.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"बीड जिल्हा. माजलगाव."

"अय्या, इतक्या लांबून!"

या प्रश्नाच्या मागून दुसरा प्रश्न येतो, हे मला पाठ आहे. मी वाट बघत राहिले. तो आलाच नाही. त्यामुळे तर मला जास्तच धडकी भरली.

मग बाई आम्हाला गॅलरीत घेऊन गेल्या. खाली सगळं मैदान, पोरं क्रिकेट खेळत होती, पलीकडून समुद्राचा वारा. घर चांगलं होतं, नाही म्हणणार नाही. बाई म्हणाल्या, "एक सांगून ठेवते, मागाहून बोल नको. डिसेंबरात थोडं सोसावं लागतं. गावोगावची माणसं येतात ना या मैदानात. आवाज, कचरा, कुठंही झोपतात. आम्ही गेट लावून घेतो, नाहीतर सरळ पुण्याला भावाकडे जातो. बाकी वर्षभर स्वर्ग आहे."

आमच्या यांनी कठडा घट्ट धरला. मी लेकीकडे बघितलं. आता बोलेल, मला वाटलं. बोलायचं ते मी बोलते, म्हणाली होती ना?

ती फरशीकडे बघत होती. तिनं विचारलं, "पाणी किती वाजता येतं?"

मला ते लागलं. फार लागलं. टॅक्सीत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. तिच्या खोलीवर गेल्यावर ती म्हणाली, "कसं वाटलं, मम्मी?" मी म्हटलं, "फरशी चांगली हाय." हे मला नंतर एकटीला गाठून म्हणाले, "पोरीला लाज वाटती वाटतं आपली." मी त्यांना गप्प केलं, पण मनात माझ्याही तेच होतं.

पुढे तिनं घराचं नाव काढलं नाही, मीही विचारलं नाही. व्यवहार गुपचूप उरकला असेल, आम्हाला गृहप्रवेशालाही बोलावणार नाही, असलं काहीबाही सुचायचं. डिसेंबर जवळ आला. दरवर्षी ती मैदानात येऊन आम्हाला भेटते. या वेळी म्हणाली, "बघते." त्या 'बघते'नं माझी झोप उडवली.

आली ती. पांढरा ड्रेस, हातात आमच्या सगळ्यांसाठी केळी. गावच्या बायकांत मांडी घालून बसली, कुणाची भाकरी मोडून खाल्ली. मी तरी तिला न्याहाळतच होते. एवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला. तोच एजंट होता.

"मॅडम, मालकीणबाई भाव उतरवायला तयार आहेत. रविवारी परत एकदा बघायला येता का?"

"रविवारी कशाला? आत्ताच दाखवा. मी खालीच आहे."

"आत्ता? आत्ता नको मॅडम. इथं फार गर्दी आहे, गेट बंद केलंय."

"माहीत आहे," लेक म्हणाली. "त्या गर्दीतलीच आहे मी. आईवडील सोबत आहेत, गावची माणसं आहेत. सगळ्यांना घर बघायचंय. गेट उघडायला सांगा."

तिनं फोन तसाच हातात धरला, दुसऱ्या हातानं माझी पिशवी उचलली आणि मागं वळून बायकांना म्हणाली, "उठा गं सगळ्या. समोर जायचंय."