बायकांची बाजू

आमच्या वाचनमंडळातल्या बायकांना हे माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. ज्यांचं नुकसान केलं त्यांना सांगावंच लागलं, पण त्यांच्याबाहेर हे कधी गेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. 'एरवी किती चांगली आहे गं ही' असं म्हणून तुम्ही मला सोडून देणार नाही.

थेरगावात डांगे चौकाजवळ माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जणी जमतो. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि बोलायचं. गेल्या वर्षी आमच्यातल्या ऋतानं एक नवी कादंबरी सुचवली. दोन पुरुषांची प्रेमकथा — दोघंही चाळिशीतले, दोघंही लग्न झालेले.

त्या रविवारी चहा तसाच निवला. ऋता म्हणाली, मी रडले. कुणी म्हणालं, मग लग्न कशाला करायचं? कुणी म्हणालं, घरच्यांनी लावून दिलं असेल, त्याला विचारलं कुणी? मंदाताई, बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांनी पुस्तक अर्ध्यावर सोडलं होतं आणि तसं सांगूनही टाकलं. मी गप्प बसले असते तर चाललं असतं. पण मी बोलले. भरपूर बोलले. म्हटलं, या दोघांच्या प्रेमाचं सगळ्यांना कौतुक, पण त्यांच्या बायकांचं काय? त्या बिचाऱ्यांची बाजू कोण घेणार?

टाळ्या पडल्या. मंदाताईंनी माझा हात हातात घेतला. आणि मी — मी तो घेऊ दिला.

बायकांची बाजू! मी?

माझा नवरा मिलिंद चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. ज्ञानेश त्याच्याच खात्यात होता. चाकणजवळच्या गावातला, घरची शेती, घरी आई, बायको संगीता आणि लहान मुलगी. दोघं कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचे. आमच्या घरी यायचा तेव्हा मला 'वहिनी' म्हणायचा आणि मळ्यातलं काहीबाही घेऊन यायचा. मला तो आवडायचाही.

एकदा मिलिंदचे दोन्ही हात मशीनमध्ये सापडले. थोडक्यात निभावलं, पण दोन्ही पंज्यांना बँडेज होतं. मी दवाखान्यात पोचले तर ज्ञानेश खाटेशेजारी बसून सीताफळ सोलत होता. एकेक बी काढून टाकायचा, गर वाटीत जमवायचा, आणि चमच्यानं मिलिंदला भरवायचा. मिलिंदचा चेहरा मी दारातून पाहिला. इतका निवांत, इतका सुखी चेहरा — आमच्या लग्नानंतर मी तो कधी पाहिला होता का? आठवून पाहिलं. नव्हता पाहिला.

मला कळलं. पुरावा कसला हवा होता?

त्या दिवशी मी मिलिंदशी भांडले असते, रडले असते, माहेरी निघून गेले असते, तर आज हे लिहिलं नसतं. तो माझा हक्क होता. मी वेगळंच केलं.

ज्ञानेशच्या आईचे गुडघे दुखायचे. मी त्यांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवून यायची, आपुलकीनं. पुढच्या खेपेला त्यांचा पाय हातात धरूनच मी म्हणाले, "आई, कंपनीत ज्ञानेशभाऊंच्या आणि आमच्या ह्यांच्या दोस्तीबद्दल वाईट बोलतात लोक. गावात यायच्या आत काहीतरी करा."

कुणीही काहीही बोलत नव्हतं. एक माणूससुद्धा नाही.

म्हातारीनं पाय माझ्या हातातून ओढून घेतला. मग म्हणाली, "व्हय बाई. समजलं मला."

महिनाभरात ज्ञानेशनं बदली मागून घेतली — कंपनीच्या दक्षिणेतल्या प्लँटमध्ये. बायको, मुलगी घेऊन गेला. मिलिंदला भेटला नाही, फोन उचलला नाही. आईनं शपथ घातली होती, हे फार नंतर कळलं. मिलिंद रोज बसमध्ये खिडकीशी एकटा बसायला लागला. एकदा जेवताना त्यानं मला विचारलं, "माझं काही चुकलं का गं त्याच्याशी?"

मी आमटी वाढत होते. म्हटलं, "माणसं बदलतात रे. पगार वाढला की बदलतात."

सहा वर्षं मी त्याला हे मानू दिलं.

मी ती कादंबरी वाचून फ्रिजवर ठेवून दिली होती. मिलिंद सहसा पुस्तकं वाचत नाही. पण कंपनीला सुट्टी होती, त्यानं ती उचलली आणि बाल्कनीत बसून सगळी वाचली. वाचून झाल्यावर मांडीवर ठेवून बसून राहिला. मी विचारलं — का विचारलं, देव जाणे — "कसं वाटलं?"

"बरंय," तो म्हणाला. "ह्यातल्याला निदान कळतं, दुसरा का सोडून गेला ते."

त्यात तक्रार नव्हती. पुस्तकातल्या एका माणसाचा त्याला हेवा वाटत होता, एवढंच. मला ते सहन झालं नाही. मी तिथंच, बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसले आणि सांगितलं.

तो ओरडला नाही. म्हणाला, "आईंना काय म्हणालीस? नेमकं काय?" मी सांगितलं. "परत सांग." मी परत सांगितलं. मग त्यानं तोंडावर हात घेतले आणि आतून बोलल्यासारखा बोलला, "मला वाटलं, त्याला माझी किळस आली."

हे मी केलं होतं. त्याला ज्ञानेशपासून तोडलं, ते एक. पण हेही.

बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ज्ञानेशची आई वारली होती आणि तो वर्षापूर्वीच गावी परत आला होता, गुलाबाचं पॉलीहाउस टाकलं होतं. मिलिंदला हे ठाऊक होतं, पण जायची हिंमत झाली नव्हती. आता गेला. काय बोलले ते मी विचारलं नाही. आला तेव्हा पायताण काढून सोफ्यावर बसला आणि स्वतःहून म्हणाला, "केस पांढरे झालेत त्याचे." आणि हसला.

संगीताकडे मी एकटी गेले. सगळं सांगितलं. ती फुलांच्या जुड्या बांधत होती, हात न थांबवता ऐकत होती. मला वाटलं, शिव्या देईल. शेवटी म्हणाली, "सासूला सांगितलंत. मला का न्हाई सांगितलं, ताई? त्याची बायको मी हाय ना?"

तिनं पुढची जुडी ओढली.

"माझं घर सुटलं, माणसं सुटली," ती म्हणाली. "वर सासू मलाच बोलली. म्हणली, तुला नवरा धरून ठेवता आला न्हाई. मी रोज इचार करायची, माझं काय चुकलं."

तीसुद्धा. मिलिंद तिकडे, ती इकडे, दोघं एकच प्रश्न विचारत होते, आणि उत्तर माझ्याकडे होतं. हॉलमध्ये बायकांची बाजू घेताना मला ही एक बाई आठवलीसुद्धा नव्हती.

पुढे आम्ही चौघं तिच्या ओट्यावर बसून बोललो. अवघड होतं. बोलली ती संगीताच. "पॉलीहाउस माझ्या नावावर करा. पोरीला मी सांगीन, माझ्या पद्धतीनं. मग तुमचं काय ते तुमी ठरवा. पर खोटं न्हाई बोलायचं, कुणीच न्हाई." शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडे बघून म्हटलं. पॉलीहाउस आता तिच्या नावावर आहे. व्यापाऱ्यांशी तीच बोलते, आणि ज्ञानेशपेक्षा भाव चांगला घेते म्हणे.

मिलिंद आणि मी अजून एकाच फ्लॅटमध्ये राहतो, वेगळ्या खोल्यांत. मूलबाळ नाही. वेगळं व्हायचं ठरलंय, घाई कुणालाच नाही. स्वयंपाक आळीपाळीनं करतो. कधी तो माझ्यावर चिडतो, अगदी मधेच, काही कारण नसताना — कारण नसताना कसं म्हणू? मी ऐकून घेते. पण आता तो घरात गातो. बेसूर गातो. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं की हा गातो.

शनिवारी त्यानं शर्टाला इस्त्री केली, बॅग भरली आणि दारात येऊन म्हणाला, "ज्ञानेशकडे चाललोय. उद्या संध्याकाळी येईन."

कुठे जातोय ते सरळ सांगून गेला. मी "बरं" म्हणाले. जिन्यातून त्याची पावलं भराभर उतरत गेली, आणि मी दार लावलं.

मिलिंदची, ज्ञानेशची आणि संगीताची सहा वर्षं मी घेतली. चुकून नव्हे, रागाच्या भरात नव्हे. नीट विचार करून, एका म्हाताऱ्या बाईचा दुखरा पाय हातात धरून.